डबीपर्यंतचा रस्ता : ओरेगनच्या किनाऱ्यावर जिओकॅशिंग

परदेशात घर करून राहणाऱ्या कुटुंबाला सुट्टीत कुठे जावे हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण प्रसिद्ध ठिकाणांच्या याद्या तयारच असतात. प्रश्न पडतो तो तिथे पोहोचल्यावर नेमके काय पाहावे याचा. आपल्याकडे कोणाच्या गावी पाहुणे म्हणून गेलो, तर उन्हे कलल्यावर घरातला एखादा मामा आपल्याला बाहेर काढतो आणि नदीकाठचे देऊळ, ओढ्यापलीकडची जुनी बारव, गावाबाहेरचा वीरगळ असे सगळे हिंडवून दाखवतो. त्यातले काहीही कुठल्या पुस्तकात नसते, आणि तरी गाव लक्षात राहते ते त्याच जागांमुळे. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, सिएटलच्या आसपास राहू लागल्यावर आम्हाला असा मामा नव्हता. जिओकॅशिंग या खेळाने ती उणीव बरीचशी भरून काढली, आणि यंदा जूनअखेरीस शाळा संपताच ओरेगनच्या किनाऱ्यावर केलेल्या मोटारप्रवासात हे मला फार स्पष्टपणे जाणवले.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोणीतरी पाणी न शिरणारा एक डबा एखाद्या जागी लपवतो, त्यात नोंदवही ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर जाहीर करतो. इतरांनी उपग्रहांच्या आधाराने तिथवर जायचे, डबा शोधायचा, वहीत आपले नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसा, होता तिथेच ठेवून द्यायचा. या डब्याला कॅश म्हणतात. तो दारूगोळा ठेवण्याच्या लष्करी पेटीएवढा असू शकतो, किंवा नखाएवढी चुंबकाची डबीही असू शकते. शोधणे किती अवघड आहे आणि तिथवरची वाट किती अवघड आहे, यांचे १ ते ५ असे वेगवेगळे गुण दिलेले असतात. मोठ्या डब्यांत लहान मुलांना आवडतील अशा वस्तूही असतात. त्यातली एखादी घेतली, तर तिच्या तोडीची दुसरी ठेवायची असा संकेत आहे. आज जगभरात असे ३० लाखांहून अधिक कॅश आहेत.

या खेळाचा जन्म ओरेगनमध्ये झाला आणि त्याचे मुख्यालय सिएटलच्या फ्रीमाँट भागात आहे, त्यामुळे आमच्यासारख्यांना तो जवळजवळ घरचाच. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. पण २००० सालापर्यंत अमेरिकी सरकार नागरिकांसाठीच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्राने दाखवलेली जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे असे. १ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ही चूक मिसळणे बंद केल्याची घोषणा केली आणि एका रात्रीत जगभरातली यंत्रे सुमारे दहापट अचूक झाली. ३ मे रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ओरेगनमधल्या बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवरच्या एका गटाला कळवले. बादलीत पुस्तके, सॉफ्टवेअर, व्हिडिओ, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा डबा अशा वस्तू होत्या. सापडेल त्याने काही घ्यावे, काही ठेवावे आणि वहीत लिहावे, एवढाच नियम होता. माइक टीग यांनी ती बादली काही दिवसांतच सर्वांत आधी शोधली. त्याच वर्षी २ सप्टेंबरला जेरेमी आयरिश यांनी संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा त्यावर अवघ्या ७५ कॅशची नोंद होती.

या प्रवासात आमच्याबरोबर वाईहून आलेले माझे सासू-सासरे होते. आबांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. आईंनी आयुष्यभर घर सांभाळले, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे त्यांच्या नजरेतून कुठलीही वस्तू सुटत नाही. दोन मुले, आम्ही दोघे आणि ते दोघे एवढ्या सगळ्यांसाठी मोठी गाडी भाड्याने घ्यावी लागली. आईंनी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणीची चटणी बांधून घेतली; भाताचा छोटा कुकर आणि मेतकूट मी घेतले. खेळाच्या तयारीकडे थोरलीने पाहिले. ओरेगनच्या किनाऱ्यावर डोंगराआड फोनला संकेत मिळत नाही, म्हणून वाटेवरच्या कॅशची माहिती तिने आधीच फोनमध्ये उतरवून ठेवली, आणि आबांचे गुडघे लक्षात घेऊन ज्यांच्या वाटेला दीडपेक्षा जास्त गुण आहेत ते कॅश तिने यादीतून वगळले. प्रवासाची आखणी करताना वडीलधाऱ्यांची सोय पाहायला मुलांना शिकवावे लागते असे मला वाटत होते. इथे खेळाच्या नियमांनीच ते काम केले.

बीव्हरक्रीक कुठल्याही पर्यटनाच्या यादीत नाही. पोर्टलंडच्या पुढे ओरेगन सिटीवरून आत वळले की उंच डग्लस फरच्या झाडीतून जाणारा साधा ग्रामीण रस्ता लागतो, आणि त्याच्या कडेला, जिथे ती बादली ठेवली होती तिथे, २००३ मध्ये खेळाडूंनी बसवलेली एक स्मारकपाटी आहे. उत्तर ४५ अंश १७.४६० मिनिटे, पश्चिम १२२ अंश २४.८०० मिनिटे हे आकडे तिथे येणाऱ्या प्रत्येक खेळाडूला पाठ असतात. दुकान नाही, तिकीट नाही. आम्ही गेलो तेव्हा दुसऱ्या राज्यातून आलेले एक वयस्क जोडपे तिथे होते. त्यांनी आमच्या मुलांना वही उघडून दिली आणि स्वतः बाजूला उभे राहिले. आज खेळाच्या नियमांनुसार डबा सहसा जमिनीत पुरता येत नाही आणि त्यात खाद्यपदार्थ ठेवता येत नाहीत, कारण वासाने प्राणी येतात. पहिली बादली मात्र अर्धवट पुरलेली होती आणि तिच्यात घेवडा होता, हे ऐकून धाकटा फार वेळ विचारात पडला. तो घेवड्याचा डबा पुढे सापडला आणि खेळाडूंच्या मेळाव्यांतून त्याला मानाने फिरवण्यात आले, हे सांगितल्यावर त्याचे समाधान झाले.

त्या पाटीपाशी आबांनी नातवंडांना जो धडा दिला तो इथे नोंदवून ठेवावासा वाटतो. जिओकॅशिंगमध्ये अंशांनंतर मिनिटे आणि मिनिटांचे तीन दशांश असे आकडे लिहितात. त्यातला शेवटचा आकडा एकाने बदलला, तर आपण किती सरकतो? अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १,८५२ मीटर, म्हणून त्याचा हजारावा भाग १.८५ मीटर, आणि हे जगात जवळपास सर्वत्र सारखेच. रेखांशाचे तसे नाही. रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात, त्यामुळे बीव्हरक्रीकला रेखांशाचा तोच हजारावा भाग सुमारे १.३ मीटर भरतो आणि वाईला पावणेदोन मीटर. थोरलीने हे शाळेत वाचलेले होते, पण पायाखालच्या जमिनीवर उत्तरेकडे आणि पूर्वेकडे पावले टाकून तिने ते मोजले तेव्हाच तिला ते पटले. फोनमधले आकडे उघड्या माळावर पाचेक मीटरपर्यंत खरे असतात. दाट फरच्या झाडीत संकेत क्षीण होतात, खोडांवरून परावर्तित होऊन येतात, आणि बाण दहा-पंधरा मीटरच्या परिघात भरकटत राहतो. शेवटच्या दहा मीटरांत यंत्र खिशात ठेवून डोळ्यांनी शोधावे, असे जुने खेळाडू सांगतात, आणि ते खरे आहे.

तिथून आम्ही विलामेट नदीच्या खोऱ्यातून दक्षिणेला गेलो. अमेरिकेतले बहुतेक सगळे हेझलनट याच खोऱ्यात पिकते आणि त्यांच्या बागा रस्त्याच्या दोन्ही अंगांना दिसत राहतात. कोर्व्हालिसवरून पश्चिमेला वळून डोंगर उतरल्यावर न्यूपोर्ट येते आणि समोर पॅसिफिक महासागर. जूनअखेर असूनही वारा बोचरा होता; इथल्या किनाऱ्यावर उन्हाळ्यातही स्वेटर लागतो हे पाहुण्यांना आधी सांगावे.

न्यूपोर्टच्या उत्तरेला याक्विना हेड नावाचे काळ्या खडकाचे भूशिर समुद्रात घुसलेले आहे. त्याच्या टोकावर १८७३ मध्ये उजळलेले दीपगृह आहे. ९३ फूट उंचीचे हे दीपगृह ओरेगनमधले सर्वांत उंच. अशा संरक्षित जागी डबे लपवणे योग्य नसते, म्हणून तिथे अर्थकॅश असतात. अर्थकॅशमध्ये डबा नसतो. त्या जागेचा भूशास्त्रीय धडा लिहिलेला असतो, आणि तिथे उभे राहून, खडक पाहून, कधी मोजून, कधी हात लावून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे कॅशच्या मालकाला, म्हणजे तो तयार करणाऱ्याला, कळवायची असतात. जिओलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेच्या सहकार्याने सुरू झालेल्या या प्रकारातला पहिला कॅश २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात झाला. माझ्या मते या खेळातला हा सर्वांत मोलाचा प्रकार आहे, कारण त्यात सापडण्यासारखे काही नसते आणि तरी माणूस अर्धा तास एका खडकासमोर उभा राहतो.

प्रश्न कोणते होते ते इथे लिहीत नाही, कारण उत्तरे उघड करू नयेत असा शिष्टाचार आहे. पण त्या खडकाची हकिकत सांगता येईल. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी इथून शेकडो किलोमीटर पूर्वेला, आजच्या ओरेगन, वॉशिंग्टन आणि आयडाहो या राज्यांच्या सीमाभागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा वाहू लागला. शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी नाही, स्फोट नाही. थरावर थर चढत गेले आणि सुमारे २,१०,००० चौरस किलोमीटरचा प्रदेश लाव्ह्याखाली गेला. त्यातले काही प्रवाह प्राचीन कोलंबिया नदीच्या खोऱ्यातून वाहत थेट समुद्राला मिळाले. याक्विना हेड हे त्या प्रवाहांचे टोक आहे.

आबांनी फलक वाचायच्या आधीच खाली वाकून खडकावर हात ठेवला होता. "अगं, हा तर आपलाच काळा पाषाण," ते म्हणाले, "आपल्यापेक्षा वयाने धाकटा, एवढेच." सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तोही असाच भेगांतून आला, थराथरांनी साचला, आणि झीज होऊन उरलेला त्याचा विस्तार आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. आपल्याकडच्या डोंगरांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या कडा म्हणजे त्या थरांच्याच कडा. महाराष्ट्रात वाढलेल्या माझ्यासारख्या अनेकांनी किल्ल्यांवर जाऊन ते खडक पायांखाली तुडवले आहेत आणि त्यांच्याविषयी दोन वाक्यांपलीकडे कधी विचार केलेला नाही. आबांनी मुलांना अंधेरीच्या गिल्बर्ट हिलची गोष्ट सांगितली: लाव्हा निवताना आकसतो, आकसताना त्याला तडे जातात, ते तडे थंड होणाऱ्या पृष्ठभागापासून आत उतरत जातात आणि बहुकोनी खांब तयार होतात, मुंबईच्या वस्तीच्या मधोमध असे दोनशे फूट उंच खांब उभे आहेत आणि त्यांच्या माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला लग्न होऊन इतकी वर्षे झाली तरी ठाऊक नव्हती. दख्खनच्या बेसाल्टचे भूशास्त्रज्ञांनी जे मोठे गट पाडले आहेत, त्यांतल्या वरच्या गटाला त्यांनी वाईचेच नाव दिले आहे आणि त्याच्यात पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशा नावांचे थर येतात. धाकट्याला हे फार आवडले. आपल्या आजोबांच्या गावाचे नाव दगडाला आहे, हे त्याने दीपगृहापाशी भेटलेल्या वनरक्षक बाईंनाही सांगितले, आणि त्यांनीही ते मन लावून ऐकून घेतले.

भूशिराच्या दक्षिण बाजूला गोट्यांचा किनारा आहे. वाळू जवळजवळ नाहीच. बेसाल्टचे गोल, गुळगुळीत, काळेभोर गोटे. लाट मागे सरकते तेव्हा ते एकमेकांवरून घरंगळतात आणि त्यांचा एकत्र आवाज होतो. आई तिथे बराच वेळ बसून राहिल्या. एक गोटा खलबत्त्यासाठी घ्यावा असे त्यांच्या मनात आले होते, पण तिथून दगड नेऊ नयेत असा नियम आहे म्हटल्यावर त्यांनी तो लगेच खाली ठेवला.

उत्तरेकडे परतताना किनाऱ्याचा हमरस्ता क्रमांक १०१ धरला. डेपो बे या लहानशा गावाजवळच्या समुद्रात काही करडे देवमासे उन्हाळाभर चरत राहतात, त्यामुळे रस्त्याकडेच्या भिंतीशी उभे राहूनही त्यांचे फवारे दिसतात. लिंकन सिटीजवळ ४५वे अक्षवृत्त ओलांडले, म्हणजे विषुववृत्त आणि उत्तर ध्रुव यांच्या जवळजवळ मध्यावर आम्ही होतो. थोरलीने फोनवर ४५ अंश आणि पुढे सगळी शून्ये येईपर्यंत नवऱ्याला गाडी हळू चालवायला लावली.

टिलामुकच्या दक्षिणेला एका छोट्या थांब्यावर आईंनी डबा शोधला, ती हकिकत सांगायलाच हवी. जागा अशी की हमरस्त्यावरून जाताना कोणीही थांबणार नाही: चार गाड्या उभ्या राहतील एवढी मोकळी जागा, मागे सिट्का स्प्रूसची झाडे, आणि त्यांच्यातून दहा पावले गेले की अचानक खाली पसरलेली खाडी, तिच्यात बगळे आणि पलीकडे वाळूचा दांडा. थोरलीने सूचना उलगडली. या खेळातल्या सूचना इंग्रजी अक्षरे तेरा घरे पुढे सरकवून लिहिलेल्या असतात, म्हणजे चुकून नजर पडली तरी कळू नयेत. तिला आता त्या कागदाशिवाय वाचता येतात. तरीही डबा सापडेना. आई मात्र एका ओंडक्याकडे पाहत म्हणाल्या, "या काटक्या वाऱ्याने पडलेल्या नाहीत. कोणीतरी रचल्यात." सगळ्या एका दिशेने, एका लांबीच्या, नीट आडव्या. त्यांच्यामागे डबा होता. जाणते खेळाडू नेमके हेच पाहतात: निसर्ग काटक्या रचून ठेवत नाही. आईंनी वहीत मोडी वळणाच्या आपल्या देवनागरीत स्वतःचे नाव, 'वाई, जिल्हा सातारा' आणि तिथीसह तारीख लिहिली. त्या वहीच्या पहिल्या पानावर मालकाने लिहिले होते की लहानपणी आपले वडील आपल्याला इथे खाडी दाखवायला आणत असत. एवढेच वाक्य होते. आईंना मी ते मराठीत सांगितले, तेव्हा त्यांनी पुन्हा वही मागून घेतली आणि आपल्या नावाखाली 'जागा फार सुंदर आहे' असे लिहिले.

मी म्हणते तो मामा हाच. ओळख ना पाळख, भाषा वेगळी, आणि तरी आपल्या माणसाला दाखवावी तशी त्याने ती खाडी आम्हाला दाखवली. वर्षानुवर्षे तो तिथे जाऊन डबा तपासतो, ओली वही बदलतो, झाकण घट्ट बसते की नाही ते पाहतो, आणि या कामाचा त्याला एक पैसाही मिळत नाही. मुख्य रस्त्यावरची दुकाने आणि धबधबे आम्ही कसेही पाहिले असते. त्या दहा पावलांपलीकडची खाडी पाहिली नसती.

सगळेच डबे सापडतात असे नाही. नेहालेमच्या आसपास भुरभुर पावसात आम्ही बराच वेळ शोधूनही एक डबा मिळाला नाही आणि धाकट्याचा चेहरा उतरला. अशा वेळी संकेतस्थळावर 'सापडला नाही' अशी नोंद न चुकता करावी, असा मी मुलांकडे आग्रह धरते. अशा नोंदी साचल्या की मालकाला कळते की डबा वाहून गेला असावा किंवा कोणी उचलला असावा, आणि तो जाऊन पाहतो. त्या दिवशीची नोंद धाकट्यानेच आपल्या हाताने केली.

आणखी एक गोष्ट परदेशात राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी असे मला वाटते. दुकानांच्या वाहनतळावरच्या दिव्यांच्या खांबांत, बाकांखाली, कुंपणांच्या कडेला लपवलेल्या डब्या भरपूर असतात. आपल्या रंगरूपाची माणसे तिथे वाकून काही शोधत राहिली, तर पाहणाऱ्याच्या मनात काय येईल याचा आपल्याला विचार करावा लागतो, आणि तो करावा लागतो याचे मला वाईटही वाटते. आमचा नियम साधा आहे: वर्दळीच्या जागा सोडून द्यायच्या, कोणाच्या घरासमोर रेंगाळायचे नाही, आणि कोणी विचारले तर काही न लपवता खेळ समजावून सांगायचा. आजवर ज्यांनी विचारले, त्यांतल्या बहुतेकांनी नंतर आमच्याबरोबर शोधायला सुरुवात केली आहे.

केप मीर्सला ३८ फूट उंचीचे, ओरेगनमधले सर्वांत ठेंगणे दीपगृह पाहिले. ते १८९० चे आहे. भूशिरच इतके उंच आहे की मनोऱ्याला उंचीची गरज पडली नाही. जवळच सिट्का स्प्रूसचे एक प्रचंड झाड आहे, ज्याला मधले खोड नाही आणि बुंध्यापासूनच फांद्या आडव्या फुटून मग सरळ वर गेल्या आहेत. तिथून कॅनन बीच. तिथला हेस्टॅक रॉक हा समुद्रात उभा असलेला ७२ मीटर उंचीचा सुळका म्हणजे याक्विना हेडप्रमाणेच दूरवरून आलेल्या त्या लाव्ह्याचा अवशेष. मुलांनी तो लांबूनच ओळखला आणि कोणी न सांगता ओळखला, याचा आबांना झालेला आनंद मी पाहिला आहे. भरती-ओहोटीचे कोष्टक पाहूनच इथे जावे. ओहोटीला सुळक्याच्या पायथ्याशी डबकी उघडी पडतात, त्यांत जांभळे आणि नारिंगी तारामासे, हिरवी समुद्रफुले दिसतात; स्वयंसेवक दुर्बिणी लावून उभे असतात आणि सुळक्यावरच्या गवतात घरटी करणारे पफिन पक्षी दाखवतात. खडकांवर पाय द्यायचा नाही, कारण त्यांच्यावर जीव चिकटलेले असतात.

हा सगळा किनारा कोणालाही मोकळेपणाने फिरता येतो, त्यामागेही एक इतिहास आहे. १९१३ मध्ये गव्हर्नर ऑस्वाल्ड वेस्ट यांच्या पुढाकाराने ओरेगनचा ओला किनारा कायद्याने सार्वजनिक हमरस्ता ठरवला गेला, कारण त्या काळी लोक खरोखरच वाळूवरून गाड्या नेत असत. पुढे १९६७ च्या कायद्याने कोरड्या वाळूवरचाही लोकांचा हक्क मान्य झाला. त्यामुळे इथे किनाऱ्यावर उतरताना कोणाच्या हॉटेलाची परवानगी लागत नाही. कोकणातल्या माणसाला यात विशेष ते काय असे वाटेल. ज्यांनी अमेरिकेतले खासगी पाट्या लावलेले किनारे पाहिले आहेत, त्यांना याचे मोल कळेल.

शेवटी अस्टोरिया. कोलंबिया नदीच्या मुखाशी, फोर्ट स्टीव्हन्सच्या वाळूत पीटर आयरडेल या जहाजाचा गंजलेला सांगाडा आजही उभा आहे; २५ ऑक्टोबर १९०६ रोजी ते इथे रुतले आणि त्यावरचे सगळे लोक वाचले. गावातल्या टेकडीवर १९२६ मध्ये बांधलेला स्तंभ आहे. त्याच्या १६४ पायऱ्या मुले आणि नवरा चढले आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे त्यांनी वरून हलक्या लाकडाची विमाने सोडली. याच भागातल्या एका मोठ्या डब्यात थोरलीने आपला प्रवासी ठेवला. धातूच्या क्रमांकित बिल्ल्याला जोडलेली वस्तू एका डब्यातून दुसऱ्या डब्यात खेळाडूंच्या हातांनी प्रवास करते आणि तिचा मुक्काम संकेतस्थळावर कळत राहतो. तिने बिल्ल्याला सावंतवाडीचा लाकडी भोवरा बांधला आहे आणि त्याने महाराष्ट्रात पोहोचावे असे त्याच्या पानावर लिहिले आहे. सध्या तो मोंटानात आहे, म्हणजे निदान दिशा पूर्वेची आहे.

साडेसहा किलोमीटर लांबीच्या पुलावरून नदी ओलांडून वॉशिंग्टन राज्यात शिरलो, तेव्हा गाडीत वाईचा विषय निघाला होता, आणि तो अजून संपलेला नाही. आपण ज्या गावात राहत नाही तिथे डबा लपवता येत नाही, कारण त्याची देखभाल करणारे कोणी हवे. आबांनी ती जबाबदारी घ्यायची तयारी दाखवली. मात्र आपल्याकडे रस्त्याकडेला बेवारस डबा दिसला तर लोक घाबरतील, हा आईंचा मुद्दा सर्वांना पटला. म्हणून अर्थकॅश करायचा असे ठरले आहे. जागेबद्दल मतभेद आहेत. नवऱ्याला पसरणी घाट हवा होता, पण वळणांवर गाडी थांबवणे धोक्याचे आहे. आबांचे म्हणणे पाचगणीच्या पठाराचे, कारण तिथे काळ्या बेसाल्टच्या माथ्यावर जांभ्याचे टोपण आहे आणि कडेला उभे राहून दोन्ही दगड एकाच नजरेत पाहता येतात. तिथे आधीच कोणाचा अर्थकॅश आहे का ते थोरली तपासते आहे. नसेल, तर परवानगीसाठी कोणाकडे अर्ज करायचा याची चौकशी आबा गावी परतल्यावर करतील. मजकूर मराठीतही असलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. थोरलीने पहिला खर्डा लिहिला आहे, आबांनी त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तांबड्या शाईने दाखवल्या आहेत, आणि 'जांभा तांबडा का?' हा प्रश्न ठेवायचा की 'थराची जाडी मोजा' हा ठेवायचा, यावर रोज सकाळी फोनवर चर्चा सुरू आहे.